एकतारी ऑइल

परवा नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी गाडीचं मॅन्युअल काउंटरवर उघडून ठेवलं आणि दुकानदारासकट चार माणसं हसली. माझी कानशिलं अजून गरम आहेत.

मॅन्युअलात इंजिन ऑइलसाठी ०डब्ल्यू-२० हा ग्रेड छापलाय. तेवढंच मागितलं.

"झीरो? म्हणजे नुसतं पाणी!" स्टुलावरचे काका म्हणाले. ते आपल्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या क्लच केबलसाठी आले होते. "डब्ल्यू म्हणजे काय, माहितीये?"

"विंटर."

"वेट! वजन! ट्वेंटी-फिफ्टी घ्या, वजनदार माल."

मी सांगू लागलो, की आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहतं त्याचा आणि नंतरचा इंजिन तापल्यावर, १०० अंशांवर ते किती दाट राहतं त्याचा.

"थंडी? अहो, राहता कुठे तुम्ही, लडाखला?"

दुकान दुसऱ्यांदा हसलं. १०० अंशांपुढे आपली २५ अंशांची सकाळ म्हणजे लडाखच की! पण हे उत्तर मला रात्री, आमटीभात कालवताना सुचलं.

मग काकांनी काउंटरवरच्या फुटक्या सीलच्या कॅनमधलं ऑइल अंगठा आणि तर्जनीत धरून ताणलं. "बघा, तार येतेय."

आमची आई रव्याच्या लाडवांचा पाक अस्साच बघते. (एका दिवाळीत एकतारी पाकाचेही लाडू खलबत्त्यात कुटावे लागले होते. तो विषय घरात निघत नाही.) तार दाखवून झाल्यावर काकांनी हात पुसायला जवळचा कागद ओढला. तो माझ्या मॅन्युअलचा होता. आता '०डब्ल्यू-२०'च्या शून्यावर त्यांचा अंगठा कायमचा उमटलाय.

ज्यांच्या स्कूटरीत ऑइल पेट्रोलबरोबर जळून धुरातून निघून जातं, इंजिनाचं ऑइल बदलायची वेळच ज्यांच्यावर कधी आली नाही, त्यांचं सगळं दुकान ऐकत होतं. कारण त्यांचे हात काळे होते आणि माझ्या हातात पुस्तक होतं. आपल्याकडे वाचून आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. उलट त्यालाच समजावून सांगतात.

हट्टानं ०डब्ल्यू-२०च घेतलं. त्यातही कॅन साडेतीन लिटरचा आणि इंजिनाला लागतं तीनच्या जरा वर. उरलेलं कुठे ठेवायचं, हे मॅन्युअलही सांगत नाही. बाल्कनीत लोणच्याच्या बरण्यांसारखे कॅन साठलेत आणि बायको रोज एकदा त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघते.

गॅरेजात मिस्तरीनं ओतताना धार पाहिली आणि हात आखडला.

"साहेब, फार पातळ आहे हो. कुणी सांगितलं हे?"

मॅन्युअल माझ्या काखेतच होतं.

"नाना पेठेत एक काका भेटले," मी म्हणालो. "जुने जाणकार आहेत."

"मग ठीक आहे," म्हणत त्यानं कॅन उपडा केला.