स्प्रे मारून ब्रेकचा आवाज बंद? ब्रेकच बंद होईल!

"नवीन ब्रेक पॅड टाकल्यावर गाडी ची-ची करते? पॅड डुप्लिकेट आहेत. गॅरेजला जाऊ नका. डिस्कवर डब्ल्यूडी-४० मारा, दोन मिनिटांत आवाज गायब! नाहीतर पॅड पॉलिश पेपरवर घासा. काहीच केलं नाही तरी ५०० किलोमीटरमध्ये आपोआप जातो. डिस्क बदलायला सांगणारा मेकॅनिक चोर." हा मेसेज फिरत फिरत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि खाली मामांनी लिहिलं, "रविवारी करून बघतो." म्हणून हा खटाटोप.

आधी स्प्रे, म्हणजे गंजलेले भाग सोडवायचं ते तेलकट डब्ल्यूडी-४०, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर रविवार वाया जाईल, याने माणूस जाईल. आवाज दोन मिनिटांत बंद होतो हे खरं आहे. होणारच! चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबले जातात आणि गाडी ज्या घर्षणावर थांबते तेच तुम्ही काढून घेतलंत. पॅडचं मटेरियल सच्छिद्र असतं, तेल आत मुरतं. वरून पुसून कोरडं दिसलं तरी पॅड तापला की ते पुन्हा वर येतं. एकाच चाकावर मारलं असेल तर ब्रेक दाबताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. पावसात घाट उतरताना हे झालं तर काय, याचा विचार करा. आणि एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते चाक लॉक होऊ देत नाही, पॅडची गेलेली पकड परत आणत नाही. खुद्द डब्ल्यूडी-४० बनवणारी कंपनी सांगते की हा स्प्रे ब्रेकवर वापरू नका, आणि ब्रेकसाठी वेगळा क्लीनर विकते. आता आणखी कोणाचा दाखला हवा?

मारून झाला असेल, तर ब्रेक क्लीनरने डिस्क धुवा आणि पुढच्या दोन्ही चाकांचे मिळून चारही पॅड बदला. तेल प्यालेला पॅड घासून वाचत नाही.

पॅड डुप्लिकेट? बाजारात नकली माल आहे, मान्य. पण अस्सल पॅडही चुकीचा बसवला तर तितकाच किंचाळतो. ची-ची म्हणजे पॅडची थरथर. ती रोखायला पॅडच्या पाठीवर शिम, म्हणजे पातळ पत्री, असते आणि पॅड धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये स्टीलच्या क्लिपा. घाईच्या कामात जुन्या शिम जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जातात, क्लिपांखालचा गंज तसाच राहतो, पॅड ब्रॅकेटमध्ये घट्ट अडकतो. मेकॅनिकला तेवढंच विचारा: शिम टाकली का, क्लिपांखाली वायर ब्रश मारला का, गाइड पिन (ब्रेकचा दाबणारा भाग जिच्यावर पुढे-मागे होतो ती) हाताने सरकते का? पिनेला ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लागतं. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन जाम होते आणि एकच पॅड झिजत जातो. पॅडच्या कानांना (ब्रॅकेटमध्ये बसणाऱ्या टोकांना) आणि पाठीला ब्रेक ग्रीसचा पातळ हात पुरे, घासणाऱ्या बाजूला थेंबही नको.

आवाज कधी येतो तेही बघा. हलक्या ब्रेकला ची-ची येत असेल तर बहुधा वरचीच भानगड. ब्रेक न दाबता खरखर येते आणि वळणावर बदलते? डिस्कमागचा पत्रा वाकून घासत असेल, किंवा मध्ये खडा अडकला असेल. चालवून आल्यावर एकच चाक जास्त तापलं तर पिन किंवा पॅडला ढकलणारा पिस्टन अडकलाय. दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं तर गाडी तिथेच उभी करा.

पॅड घासण्यात अर्धं तथ्य आहे. वरचा थर जळून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर पेपरने थोडे दिवस बरं वाटतं, पण तो का जळला हे शोधलं नाही तर आवाज परत येतो. मास्क लावा आणि धूळ हवेने उडवू नका.

५०० किलोमीटरचंही तसंच. नवा पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो, पण तो बसवावा लागतो: मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी मध्ये थंड होऊ देत. गरम ब्रेक दाबून उभं राहायचं नाही. पावसाळ्यात सकाळी येणारी खरखर हा डिस्कवरचा गंज असतो, चार-पाच ब्रेकमध्ये जाते. सटकलेली शिम मात्र ५,००० किलोमीटरनेही जागेवर येत नाही.

आणि डिस्क. उगाच बदलायला लावणारे असतात, खोटं कशाला बोला. पण भांडायच्या आधी डिस्कवरच कोरलेली किमान जाडी वाचा आणि मायक्रोमीटरने मोजायला लावा. साधं व्हर्नियर कडेच्या न झिजलेल्या काठावर टेकतं आणि जाडी जास्त दाखवतं.