डॉक्युमेंटरी काढताय? मग मालिका तेवढी दाखवू नका

जुन्या विनोदी मालिकांवर डॉक्युमेंटरी काढायचं तुमच्या मनात आहे म्हणे. काढा, काढा. सध्या दिवस चांगले आहेत. नट म्हातारे झालेत, प्रेक्षक हळवे झालेत आणि ड्रोन तासावर भाड्याने मिळतो. आणखी काय लागतं?

गेल्या रविवारी दुपारी मी आणि आई अशीच एक डॉक्युमेंटरी बघायला बसलो. एक तास बारा मिनिटांची. आईचे गुडघे दुखतात, सोफ्यावर बसलं की उठवत नाही, म्हणून ती एरवी खुर्ची सोडत नाही. पण त्या दिवशी पाठीला उशी लावून सोफ्यावर बसली, कारण जाहिरातीत जुन्या 'चिमणराव' मालिकेतल्या चिमणराव-गुंड्याभाऊंचा फोटो दिसला होता. त्या एक तास बारा मिनिटांत मला जे ज्ञान मिळालं, ते तुमच्या कामी यावं एवढाच या लेखनामागचा हेतू.

सुरुवात आकाशातून करावी. मरीन ड्राइव्ह, सी लिंक, वरळीचा दूरदर्शनचा मनोरा, खाली पियानो. चिमणराव पुण्याचे, हे मनावर घेऊ नका. पुण्यात समुद्र नाही, त्याला चिमणराव काय करणार?

मग "त्या काळी अख्ख्या वाड्यात एकच टीव्ही असायचा" हे वाक्य. किमान पाच माणसांच्या तोंडून. गच्चीवर अँटेना फिरवणारा काका, खालून "आलं, आलं, गेलं!" ओरडणारी पोरं, 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी आणि गोल्ड स्पॉट या थंड पेयाची बाटली. इथे वीस मिनिटं सहज निघतात. मालिकेचं नाव अजून आलेलं नसतं, पण वातावरण तयार होतं. लग्नात पंगत बसायच्या आधी तासभर सनई वाजते ना, तसं.

सगळ्याला सेपिया रंग द्या. आपल्याकडे टीव्हीवर रंग आला १९८२ मध्ये. त्याआधीचा 'चिमणराव' कृष्णधवल होता, त्याला सेपिया. १९९३ची 'देख भाई देख' चांगली रंगीबेरंगी होती, तिलाही सेपिया. प्रेक्षकाला जुनं कळायला हवं. नाहीतर त्याला वाटायचं, कालचंच आहे.

जाणकार निवडताना जन्मसाल बघून घ्या. 'ये जो है जिंदगी' १९८४ साली लागली. तिच्यावर बोलायला १९९८ नंतर जन्मलेला माणूस सगळ्यात उत्तम, कारण तो तटस्थ असतो. त्याने मालिका बघितलेली नसते. त्याला हातात कॉफीचा मग द्या, मागे विटांची भिंत द्या, आणि 'आयकॉनिक', 'रिलेटेबल' आणि 'काळाच्या पुढे' हे तीन शब्द द्या. बाकी तो बघून घेतो.

एखादा पुढे मोठा झालेला पाहुणा सापडला, तर तुमचं सोनं झालं. 'वागळे की दुनिया'च्या एका भागात शाहरुख खान येऊन गेला होता. एका भागात. म्हणजे आता तुमची डॉक्युमेंटरी शाहरुख खानवर. वागळे आणि त्याची बायको म्हणून अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी मालिका ओढली हे खरं, पण त्यांना एवढंच विचारायचं: "तेव्हा शाहरुख कसा होता हो?" ज्या आर. के. लक्ष्मण यांच्या डोक्यातून वागळे निघाला, त्यांच्या वाट्याला एक वाक्य आणि कॉमन मॅनचं एक चित्र. 'हम पाँच' असेल तर विद्या बालन. पाच पोरींचा बाप झालेले अशोक सराफ शेवटच्या नामावलीच्या शेजारी, छोट्या चौकटीत.

लेखकाचं नाव घेऊ नका.

जुना सोफा सुताराकडून तसाच्या तसा करून घ्या. त्यावर जुन्या नटांना बसवा. सोफा तसाच असतो, माणसं तशी राहिलेली नसतात, कोणाच्या तरी बाजूची जागा रिकामी असते. डोळे भरून येतात. आले की लगेच कॅमेरा जवळ न्या आणि विचारा, "आत्ता मनात काय भावना आहेत?"

आता मुख्य नियम. विनोद दाखवायचा नाही. विनोद फार भारी होता, एवढंच सांगायचं.

आमच्या डॉक्युमेंटरीत चिमणराव एकोणचाळिसाव्या मिनिटाला आले. आईने चहाचा कप खाली ठेवला. पडद्यावर चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर, समोर गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे. चिमणराव वळतात, गुंड्याभाऊंकडे बघतात, बोलायला तोंड उघडतात, आणि कट! विटांची भिंत. कॉफीचा मग. "काय टायमिंग होतं ना!"

आई म्हणाली, "अगं, काय म्हणाले ते? मला ऐकू नाही आलं. मागे घे."

मी मागे घेतलं. चिमणराव वळतात, बघतात, तोंड उघडतात, भिंत. "परत घे." परत घेतलं. तिसऱ्यांदा आईला कळलं की दोष तिच्या कानाचा नाही. ती काही बोलली नाही. पण मला तो तिचा चेहरा बघवला नाही, कारण मधली पाच मिनिटं ती बिचारी स्वतःलाच बहिरी समजत होती.

सहा सेकंद. मी मोजले. आणि 'टायमिंग' हा शब्द त्या एक तास बारा मिनिटांत चौदा वेळा आला, तेही मी मोजलं, कारण तोवर मोजण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. अहो, टायमिंग म्हणजेच वेळ! सहा सेकंदांत ते दिसणार कसं? चिमणरावांची गडबड आधी नीट चढू द्यावी लागते. मग गुंड्याभाऊ हातातला सोटा घेऊन नुसते उभे राहतात, काहीच करत नाहीत, आणि ते जे काहीच न करणं आहे ना, त्यावर घर हसतं. तुम्ही नेमकं तेच कापता. हे म्हणजे पुरणपोळीवर तासभर बोलून ताटात वेलदोड्याचं साल वाढण्यासारखं झालं. दोन मिनिटांचा एक प्रवेश, अथपासून इतिपर्यंत, मध्ये कोणी न बोलता. एवढंच मागणं आहे. विटांच्या भिंतीवाल्या मुलालाही तो दाखवा हो, त्यालाही हसू येईल, त्याचं काही वय गेलेलं नाही. हक्क महाग असतात, क्लिप मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. ड्रोनला कुठून मिळाले पैसे?

आईने मग स्वतःच करून दाखवलं. काठी सोट्यासारखी धरली, मान जरा मागे घेतली आणि गप्प उभी राहिली. एकोणऐंशी वर्षांची बाई. मी हसून हसून बेजार. या घरात त्या दिवशी जी काही डॉक्युमेंटरी झाली ती ही.

असो. आपण सल्ल्यांवर होतो.

प्रश्न विचारताना काळजी घ्या, चुकून उत्तर मिळता कामा नये. प्रभावळकरांनी तिशीत चिमणराव केला आणि २००१ मध्ये, सत्तावन्नच्या आसपास, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा. ती मालिका ज्या 'अनुदिनी' या पुस्तकावरून निघाली, तेही त्यांचंच. एकाच माणसाने दोन पिढ्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसायचं, तेही दोन वेगळ्या पाठींनी, दोन वेगळ्या आवाजांत. आबांचं चालणं कुठून उचललं? कोणाच्या आजोबांचं? लिहिताना कागदावर जे होतं, ते बोलताना कुठे बदललं? असले प्रश्न मनात आले तर पाणी प्या. 'आबा करताना कसं वाटलं?' हाच प्रश्न आहे. 'खूप छान वाटलं' हेच उत्तर आहे.

सतीश शाह 'ये जो है जिंदगी'त जवळजवळ दर भागात नवाच माणूस होऊन यायचे. दर आठवड्याला. त्यावर एक शब्द पुरतो: 'लेजंड'. मिशी कोण चिकटवायचं, बोलीचा सराव कधी व्हायचा, पात्र आधी ठरायचं की आधी लिहून व्हायचं, हे विचारणं म्हणजे चोंबडेपणा. लेखक शरद जोशी. हिंदीतले एवढे मोठे व्यंगकार, आठवड्याच्या आठवड्याला घरगुती नवरा-बायको आणि एक मेहुणा यांच्यात गंमत कशी पेरत असतील? दिग्दर्शक कुंदन शाह २०१७ मध्ये गेले. सतीश शाह २०२५ मध्ये गेले. नवरा झालेले शफी इनामदार तर १९९६ मध्येच. आता विचारा कोणाला विचारायचं ते.

की 'श्रीमान श्रीमती'. केशव कुलकर्णी नावाचा माणूस, आणि तो करणारे जतिन कनाकिया गुजराती रंगभूमीवरचे. त्याची बायको कोकिळा म्हणजे रीमा लागू. लिहिणारे अशोक पाटोळे, बसवणारे राजन वाघधरे. म्हणजे अर्धी मराठी नाटकाची तालीम आणि अर्धी गुजराती, आणि बोलायचं हिंदीत! त्या तालमीत कोणी कोणाचं वाक्य कापलं, कोणी जागेवर काय घातलं, हे ऐकायला मी रात्रभर जागले असते. मला मिळालं काय, तर पियानो. आणि कनाकियांचा फोटो, हळूहळू फिका होत जाणारा.

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते वेगळंच आहे.

बावन्नाव्या मिनिटाला एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, खिशाला पेन, पाठीमागे साधं लोखंडी कपाट. खाली पाटी: 'ज्येष्ठ तंत्रज्ञ'. नाव नाही. ते म्हणाले, "आम्ही तीन कॅमेरे लावायचो, आणि एडिटिंग असं नंतर नव्हतंच, वर पॅनलवर बसून तिथल्या तिथे कापायचं, म्हणजे नट हसवायच्या आधी आम्हाला ठाऊक हवं की आता—" आणि ही डॉक्युमेंटरी काढणाऱ्यांनो, तुम्ही त्यांना कापलंत. अकरा सेकंद. पुढे पियानो आणि एका बाईंचे डोळे.

काय ठाऊक हवं होतं त्यांना? आता, म्हणजे काय? तो माणूस वाक्याच्या मध्यावर होता! चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या घरी कॅमेरा घेऊन गेलं होतं. त्याने त्यासाठी सदरा इस्त्री केला असणार. आणि तुम्हाला तो कंटाळवाणा वाटला.

टेपा महाग होत्या, म्हणून जुन्या कार्यक्रमांवर नवे कार्यक्रम घेतले गेले. गेले ते गेले. आज 'चिमणराव' शोधायला जा, मोजकेच भाग हाती लागतात. बीबीसीनेही हाच उद्योग केला. त्यांच्या 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेच्या ८० भागांपैकी ३ अजूनही सापडलेले नाहीत. पण तिथे संहिता शिल्लक होत्या, म्हणून २०१९ मध्ये नवे नट घेऊन ते तिन्ही भाग पुन्हा उभे केले. आपल्याकडच्या संहिता कुठे आहेत? कोणाच्या माळ्यावर? त्या लोखंडी कपाटात काय होतं, हे तरी विचारलंत का? मूळ गोष्टी लिहिणारे चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवत होते. एवढ्या विद्वान माणसाला गुंड्याभाऊ कुठे भेटला, हे तुमच्या बहात्तर मिनिटांत एकदाही कोणाच्या तोंडून आलं नाही, आणि गोल्ड स्पॉटची बाटली तीनदा आली.

आळशी आहात तुम्ही. हळवे वगैरे काही नाही, आळशी. आमचं बालपण आम्हाला ठाऊक आहे, ते आम्हालाच परत काय विकता? आम्हाला ते माहीत नाही, जे त्या पॅनलवर बसलेल्यांना माहीत आहे, आणि ती माणसं दर महिन्याला कमी होतायत.

त्या गृहस्थांना फोन करा. नंबर तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. उद्या नको, आज. रिक्षाचे पैसे नसतील तर मी देते. कॅमेरा लावा, त्यांचं ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणू द्या, आणि ते थांबेपर्यंत कोणी तोंड उघडू नका.