फोर्कलिफ्टचा फिरता दिवा बेकायदेशीर? आधी कलम तरी वाचा

"सावधान! 2017 पासून फिरते दिवे बंद. फोर्कलिफ्टवर दिवा दिसला तर दंड. अमेरिकेतही सक्ती नाही. निळ्या दिव्याने डोळे जातात, बॅटरी उतरते. रिव्हर्स हॉर्न असताना दिवा कशाला?" खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'. असल्या मेसेजला मी एरवी उत्तर देत नाही. पण माझा भाचा गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर फोर्कलिफ्ट चालवतो. त्याच्या सुपरवायझरने हे वाचून सगळ्या गाड्यांच्या दिव्यांना काळी टेप मारायला लावली. भाचा फोनवर विचारतो, "मामा, खरंच दंड बसतो का?"

नाही बसत. 1 मे 2017 पासून गेली ती मंत्र्यासंत्र्यांची लाल बत्ती. त्यासाठी बदलला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 108, आणि तो मोटार वाहनांना लागू. आता मोटार वाहन म्हणजे काय, ते 1988 च्या कायद्यात कलम 2 (28) मध्ये दिलंय. फक्त कारखान्यात किंवा दुसऱ्या बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहन त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलंय. शेडमधली फोर्कलिफ्ट त्यात बसते. फिरते दिवे सरसकट बंद झाले असते, तर दाबोळीला आणि मोप्याला विमानांच्या आसपास धावणाऱ्या गाड्यांवर पिवळे दिवे कसे दिसतात? मेसेज लिहिणाऱ्याने कधी विमानतळाच्या काचेतून बाहेर बघितलं नसावं.

एक खरं आहे. काही कंपन्यांच्या दोन शेडच्या मधून वसाहतीचा रस्ता जातो आणि फोर्कलिफ्ट माल घेऊन तो बिनदिक्कत ओलांडते. तिथे 'बंदिस्त आवार' हा बचाव लंगडा पडतो. नोंदणी आणि विम्याचे प्रश्न उभे राहतात. ते आरटीओला लेखी विचारावेत. पण रहदारीच्या रस्त्यावर दिवा झाकून गाडी काढणं हे त्याचं उत्तर कसं काय होतं?

अमेरिकेचं म्हणाल तर, नाइलाजाने, अर्धं मान्य. तिथल्या ओशाच्या, म्हणजे कामगार-सुरक्षा खात्याच्या, 1910.178 या नियमात फिरत्या दिव्याचं नाव नाही. उजेड दर चौरस फुटाला 2 ल्युमेनपेक्षा, म्हणजे साधारण 21 लक्सपेक्षा, कमी असेल तर गाडीवर हेडलाइट हवा, एवढंच आहे. पण त्याच नियमात पुढे असंही आहे की मालामुळे समोरचं दिसत नसेल तर माल मागे राहील अशा दिशेने गाडी चालवावी. म्हणजे रिव्हर्समध्ये. उंच पॅलेट घेऊन गाडी अशी उलटी चालते, तेव्हा ती कुठे निघालीय हे चालणाऱ्याला कशावरून कळायचं? आणि अमेरिकेचा नियम इथे लागू तरी कुठे? आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यात 1987 साली कलम 7अ घातलं गेलं, भोपाळनंतर. यंत्रं आणि कामाची पद्धत सुरक्षित ठेवायची जबाबदारी त्यात कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असणाऱ्यावर, टाकली. आता त्या कायद्याच्या जागी 2020 ची कामगार-सुरक्षेची संहिता आहे. मालकाची जबाबदारी तिथेही सुटत नाही. लावलेला दिवा मालकाच्याच माणसाने झाकला आणि कोणाचा पाय चाकाखाली आला, तर चौकशीत मेसेज दाखवणार का?

सगळ्यात घातक वाक्य मात्र हॉर्नचं आहे. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून बघा. जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागतं, तिथे वीस पावलांवरचा हॉर्न कोण ऐकणार? बॅटरीवरची गाडी तर स्वतः फारसा आवाजच करत नाही. एरवी ऊन असलं की अंगणातल्या लख्ख उजेडातून आत पाऊल टाकणाऱ्याला काही क्षण नीट दिसत नाही, आणि शटरच्या तोंडाशीच गाड्या वळतात. वळताना मागची चाकं वळतात, त्यामुळे शेपूट बाहेर फेकलं जातं. धडक तिथेही बसते, फक्त फोर्कपाशी नव्हे. चवथीच्या आधी माल धबाधबा उतरत असतो, हमाल कंटेनरमधून पाठमोरे बाहेर येतात. गाडीवरच्या निळ्या दिव्याचा ठिपका गाडीच्या काही मीटर पुढे जमिनीवर पडतो, म्हणून रॅकच्या कोपऱ्यावर गाडीआधी तो दिसतो. हॉर्न हवाच, पण त्याने दिव्याचं काम होत नाही.

डोळ्यांचं: तो निळा दिवा जमिनीकडे रोखलेला असतो. ब्रॅकेट सैल होऊन तोंडावर यायला लागला तर त्रास होणारच. पाना घ्या, कोन बसवा.

बॅटरीचं तर हसूच येतं. 48 व्होल्ट, 500 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 24,000 वॉट-अवर असतात. 10 वॉटचा एलईडी आठ तास जळला तर 80 जातात, म्हणजे तीनशेवा हिस्सा. याहून जास्त चार्ज ऑपरेटर रिकामे फोर्क उगाच वरखाली करण्यात घालवतात, आणि त्यात आमचा भाचाही आला.