‘लाकडाची इमारत म्हणजे काडीपेटी’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गावागावांतल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. जळत्या टॉवरचा फोटो आणि खाली चार ठाम विधानं. परदेशातले लाकडी टॉवर म्हणजे काडीपेट्या. भिंतीत इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, भरला की आग आणखी भडकते, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचंच बघा. इन्सुलेशन थंड देशांसाठी असतं, विदर्भात त्याचं काय काम? आणि शेवटी सल्ला : ऊन सहन होत नसेल तर छताला आतून थर्माकोल चिकटवा, स्वस्तात काम होतं. तालुक्याच्या गावी घरांचे नकाशे आणि अंदाजपत्रकं करणं हा माझा धंदा, त्यामुळे मोबाईल पुढे करून ‘हे खरं आहे का?’ असं विचारणारे बरेच भेटतात. पहिली तीन विधानं चुकीची किंवा अर्धवट आहेत. चौथं जीवघेणं आहे, आणि लोक नेमकं तेच अमलात आणताहेत.

‘लाकूड पेटतं, म्हणून इमारत कोसळते.’

लाकूड पेटतं, यात वाद नाही. पण चुलीतली काटकी आणि घराचा जाड फाटा, म्हणजे छताची तुळई, एकसारखे जळत नाहीत. आग लागून गेलेल्या जुन्या घरातला सागवानी फाटा जवळून बघा. वरून काळाठिक्कर, मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडलेला. सुताराने पटाशी लावली की कोळशाचा थर खपल्यांनी गळतो आणि आत तेच पिवळसर, तेलकट वासाचं लाकूड निघतं. रंधा मारून असे फाटे पुन्हा वापरले जातात. त्याच आगीत वरचा टिन आणि लोखंडी अँगल मात्र वाकून गेलेले असतात.

कारण साधं आहे. साधारण ३०० अंशांना लाकडाचा कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला झळ लागू देत नाही. युरोपातल्या लाकूडकामाच्या मानकात मऊ लाकूड जळण्याचा वेग मिनिटाला ०.६५ मिलिमीटर धरतात, म्हणजे तासाभरात साधारण ४ सेंटीमीटर. सागासारखं घट्ट लाकूड त्याहून हळू जळतं. वेग ठाऊक असल्यामुळे तेवढी जाडी जास्तीची धरूनच खांब-तुळया काढतात. उघडं पोलाद ५५०-६०० अंशांपर्यंत तापलं की त्याची निम्मी ताकद गेलेली असते.

लाकडी टॉवर याच हिशोबावर उभे आहेत. फळ्यांचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवून केलेले जाड तक्ते आणि गोंदाने जोडलेले भरभक्कम खांब. नॉर्वेतल्या ब्रुमुंडडालचा १८ मजली म्योसटोर्नेट २०१९ मध्ये पूर्ण झाला, अमेरिकेत मिलवॉकीचा २५ मजली असेंट २०२२ मध्ये. धोका नाहीच असं मी म्हणत नाही. लाकडी इमारतीचा सगळ्यात नाजूक काळ म्हणजे बांधकाम चालू असतानाचा, लाकूड उघडं असताना. राहायला लागल्यावरही भिंती आणि छत सगळीकडे उघडंच ठेवलं, तर खोलीतलं सामान जळून गेल्यावरही आग धुमसत राहू शकते. म्हणून लाकडावर जिप्सम बोर्डाचे थर ठोकतात. जिप्समच्या वजनात सुमारे एक पंचमांश पाणी बांधलेलं असतं. आगीत ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत मागचं लाकूड फारसं तापत नाही.

हे आपल्याला नवं वाटू नये. वऱ्हाडातलं धाब्याचं घर आठवा : खाली सागवानी फाटे, त्यावर किलचण, म्हणजे लाकडाच्या बारीक तुकड्यांचा थर, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. लाकडाने भार घ्यायचा, न जळणाऱ्या मातीने ऊन आणि वरून पडणाऱ्या ठिणग्या अडवायच्या. गावात वणव्याची राख उडून येते, शेजारच्या तणशीच्या ढिगाला आग लागते, तेव्हा हा मातीचा थर काय करतो हे म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आणखी एक. भाव वाढेल म्हणून आपण कापूस राहत्या घरातच साठवतो. सिमेंटच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि भिंतीवर उघडी वायर असेल, तर ती खोली लाकडी फ्लॅटपेक्षा कितीतरी धोक्याची. आग आधी सामानाला लागते, खांबाला नाही.

‘ग्रेनफेल इन्सुलेशनमुळे जळलं, म्हणून इन्सुलेशनच नको.’

१४ जून २०१७ ला जळालेला ग्रेनफेल टॉवर २४ मजली होता आणि त्याचा सांगाडा काँक्रीटचा होता. सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या फ्रीजपासून झाली. ७२ माणसं गेली. आग बाहेरून वर चढली ती अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिन असलेल्या आवरणामुळे. त्यामागे जळणारा फोम होता आणि मधल्या पोकळीत आग नीट अडली नाही. म्हणजे मेसेज ज्या दुर्घटनेचा दाखला देतो ती लाकडाची नाहीच.

इन्सुलेशन हे काही एकच वस्तू नाही. दगड वितळवून काढलेली रॉकवूल हजार अंशांपर्यंत टिकते आणि पेटत नाही. चांगल्या लाकडी इमारतीत दोन फ्लॅटमधल्या भिंतीत आणि मजल्यांमध्ये तीच ठासून भरतात. शेजाऱ्याचा आवाज, ऊन आणि आग, तिन्ही अडतात. पण ठासून म्हणजे ठासून. वायरसाठी पाडलेलं एक भोक उघडं राहिलं तर धूर तिथूनच पलीकडे जातो, आणि आगीत बहुतेक माणसं धुरानेच मरतात.

ग्रेनफेलची खरी काळजी वाटत असेल तर आपल्या बाजाराच्या रस्त्यावर वर बघा. दुकानं आणि दवाखान्यांच्या दर्शनी बाजूला चकचकीत एसीपी शीट, म्हणजे ग्रेनफेलसारखेच दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांचे तक्ते, लावलेत. त्यांच्या मधल्या थरात साधं पॉलिथिन आहे की आग रोखणारा प्रकार, हे बसवणाऱ्याला विचारणारा गिऱ्हाईक मी क्वचित पाहिला.

‘इन्सुलेशन थंड देशांचं काम.’

उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते, तिला देश कळत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे हवाच ४५ अंशांच्या वर जाते. उन्हातला स्लॅब सहज ६० गाठतो आणि आत कुलर लावून आपण ३० मागतो. फरक ३० अंशांचा. बाहेर उणे १० आणि आत २० असलेल्या नॉर्वेच्या घरातही फरक तेवढाच!

सहा इंची उघड्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे ३ ते ४ वॅट उष्णता आत येते. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने केलेल्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. दोन इंच रॉकवूलने हा आकडा ०.७ च्या आसपास येतो. लाकूड स्वतःच काँक्रीटपेक्षा दहापट कमी उष्णता जाऊ देतं. मात्र ते हलकं असल्याने खिडक्यांवर सावली नसेल तर खोली लवकर तापते, त्यामुळे छज्जे मोठे हवेत.

विदर्भात बहुमजली लाकडी इमारत उद्या बांधा, असं माझं म्हणणं नाही. वाळवी आहे, पावसाळ्याची ओल आहे, खर्च आहे, आणि असे तक्ते बसवणारे हात आपल्याकडे अजून कमी आहेत. पण त्यासाठी आगीची खोटी भीती घालायची गरज नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांत लाकडावर घातलेली बंदी जंगलं वाचवण्यासाठी होती, आणि ती २०२० मध्ये उठवली.

‘छताखाली थर्माकोल लावा.’

लावू नका. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतो. पेटला की वितळून जळते थेंब खाली टाकतो, आणि त्याचा दाट काळा धूर मिनिटाभरात खोली भरतो. टिनाखाली चिकटवलेल्या थर्माकोलच्या पाट्या, त्यांतून ओढलेली पंख्याची वायर आणि वायरीच्या टेपने गुंडाळलेला जोड, हे दृश्य मी दुकानांत, शिकवणीच्या वर्गांत पाहतो. तिथे मुलं बसतात.

थर्माकोलसारखा फोमच वापरायचा असेल तर तो स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंग करून, त्यावर दोन इंच काँक्रीट टाकून. तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीट असतं आणि ऊनही स्लॅबला लागण्याआधीच अडतं. टिन असेल तर खाली रॉकवूल आणि तिच्याखाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड. वायर पाइपमधूनच. एवढा खर्च यंदा झेपत नसेल तर स्लॅबला पांढरा चुना मारा आणि टिनावर तुराट्यांऐवजी हिरवी जाळी ताणा. थर्माकोल आधीच लावलेला असेल, तर मेन स्विच पाडून वायरीलगतच्या पाट्या सगळ्यात आधी काढा.