खुलासा : ‘मनुष्याचा मुख्य हेतू’ हे बायबलमधील वचन नाही

‘मनुष्याचा मुख्य हेतू देवाचे गौरव करणे हाच आहे – १ करिंथ १०:३१’ असा मजकूर असलेले चित्र सध्या अनेक गटांत फिरत असून, गेल्या आठवड्यात मी स्वतःही ते न पडताळता पुढे पाठवले होते. पवित्र शास्त्र उघडून पाहिल्यावर माझी चूक ध्यानात आली. हे वाक्य शास्त्रातील नाही. लंडनमध्ये भरलेल्या वेस्टमिन्स्टर धर्मसभेने १६४७ मध्ये पूर्ण केलेल्या १०७ प्रश्नांच्या लघु प्रश्नोत्तरीतील (ख्रिस्ती विश्वास प्रश्नोत्तरांतून शिकवणाऱ्या पुस्तिकेतील) पहिल्या उत्तराचा तो अर्धा भाग आहे. देवामध्ये सर्वकाळ आनंद करणे हा उरलेला अर्धा भाग गाळल्यामुळे (ही गळती मला चुकीच्या संदर्भापेक्षाही अधिक खटकते) गौरव म्हणजे केवळ कर्तव्य, असा भास होतो.

चित्रात दिलेल्या १ करिंथ १०:३१ या वचनात पौल (करिंथमधील ख्रिस्ती मंडळीला हे पत्र लिहिणारा प्रेषित) प्रत्यक्षात खाण्यापिण्याविषयी बोलतो. बाजारात विकले जाणारे मांस (ते मूर्तीला वाहिलेले असू शके) चौकशी न करता घ्यावे का, यजमानाने पुढे ठेवलेल्या अन्नाबद्दल विचारपूस करावी का, अशा प्रश्नांची उत्तरे देत देत तो ‘जे काही करता ते सर्व’ देवाच्या गौरवासाठी करा, असे सांगतो. त्यामुळे चित्राखालची ‘नोकरी-धंदा सोडून सेवेत या’ (म्हणजे पूर्णवेळ धर्मकार्यात या) ही पुस्ती तेथून निघत नाही. करिंथमध्ये राहताना पौल स्वतः तंबू बनवण्याचे काम करत असे (प्रेषितांची कृत्ये १८:३).

प्रश्नोत्तरीतील विचार शास्त्राला धरूनच आहे, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र माणसांनी रचलेले वाक्य वचन म्हणून पसरू नये, यासाठी कृपया ते चित्र पुढे पाठवू नये आणि पाठवले असल्यास हा खुलासा त्याच गटात टाकावा.