"प्रेशर वाढवा, पाणी सगळ्यांना मिळेल" – त्या मेसेजबद्दल

इंदूरच्या आपल्या ग्रुपांवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल. म्हणणं असं की नर्मदेचं निम्मं पाणी फुटक्या पाइपांतून गळतं, प्रेशर वाढवलं की शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचेल, आणि रोज माणशी 135 लिटर गुणिले लोकसंख्या केलं की शहराची डिमांड निघते, मग पाइपांच्या जाळ्याच्या कॉम्प्युटर मॉडेलवर खर्च कशाला. कळकळीनं लिहिलंय हे दिसतं, पण तिन्ही मुद्दे चुकलेत आणि दुसरा खरंच अमलात आला तर नुकसान आपलंच आहे.

आधी ते "निम्मं". हिशेबात न आलेलं पाणी आणि गळलेलं पाणी एक नव्हे. इंटरनॅशनल वॉटर असोसिएशनने 2000 साली पाण्याचा जो ताळेबंद मांडला त्यात चोरीचे कनेक्शन, मीटरची चूक, बिल न होणारा वापर हे सगळं गळतीपासून वेगळं काढलंय. आणि आपल्याकडे बहुतेक घरांना मीटरच नाही, मग घराघरात किती गेलं ते न मोजता उरलेलं सगळं "गळती" म्हणायचं कशाच्या जोरावर?

आता प्रेशर, कारण खरा घोटाळा इथे आहे. आमच्या रामबागेतल्या गल्लीत एका कनेक्शनचा जोड गळत होता. नळ आले त्या क्षणी मी खाली बादली लावली, 15 लिटरची बादली 50 सेकंदांत भरली. दहा मिनिटांनी सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्यावर तीच बादली भरायला 1 मिनिट 40 सेकंद लागले. भोक तेच, फक्त लाइनमधलं प्रेशर पडलं आणि गळती निम्म्यावर आली. म्हणजे गळती हा ठरलेला आकडा नसतोच, ती प्रेशरबरोबर चढते-उतरते. लोखंडी पाइपातलं पक्कं भोक असेल तर प्रेशर दुप्पट केल्यावर गळती साधारण 1.4 पट होते, पण प्लास्टिकच्या पाइपाला लांब चीर असेल तर प्रेशरनं चीरच फाकते आणि गळती 2.8 पटीपर्यंत जाऊ शकते. हे पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, 500 मीटरहून जास्त उचलून आणलेलं, प्रत्येक लिटरमागे वीज जाळलेली, ते मातीत ढकलायचं?

टेलच्या, म्हणजे लाइनच्या शेवटच्या घरांना प्रेशर कमी पडतं ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. पण नुसतं टाकीवरून प्रेशर वाढवलं तर आधी खालच्या भागातल्यांचे हौद भरून वाहतात. आधी गळणारे जोड बदला, झोन लहान करा, उंचावरच्या घरांना वेगळी लाइन द्या, तेव्हा तिथे पाणी चढेल. मोटर थेट लाइनला लावणाऱ्यांचाही प्रश्न आहे, ती पाइपात उलटी ओढ तयार करते आणि त्याच फुटक्या जोडातून बाहेरचं घाण पाणी आत येतं.

राहिला 135 चा गुणाकार. 135 हा पाणी योजना आखताना धरायचा आकडा आहे, तुम्ही-आम्ही किती घेतो त्याचा नाही. एकाआड एक दिवस पाणी येत असेल तर माणूस गरजेइतकं नाही, हौदात मावेल तितकं आणि नळ चालू असतील तितका वेळ घेतो. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेनं 1993 मध्ये ईपानेट हे पाइपांच्या जाळ्यातलं प्रेशर आणि प्रवाह काढणारं सॉफ्टवेअर काढलं, फुकट मिळतं, पण त्याच्या जुन्या पद्धतीत डिमांड ठरवून टाकली की प्रेशर शून्याखाली गेलं तरी ते घरात तेवढंच पाणी दाखवायचं. 2020 च्या 2.2 आवृत्तीत प्रेशरवर अवलंबून डिमांड घेण्याची सोय आली, आपल्यासारख्या तासाभराच्या पाण्याला ती लागतेच. गळतीही त्यात प्रत्येक जोडाला प्रेशरनुसार बसवता येते, फक्त एक अट, आकडे जागेवर मोजलेले पाहिजेत, नाहीतर मॉडेल अंदाजच परत देणार.

मोजायचं कसं? चोवीस तास पाणी असतं तिथे रात्री दोन ते चारच्या सुमाराचा प्रवाह बघतात, लोक झोपलेले, जे वाहतं त्यातलं बरंचसं गळती. आपल्याकडे नळ येऊन जातात, म्हणून एक लहान झोन निवडून घराघरातले कॉक बंद करून लाइन भरलेली ठेवायची आणि टाकीपाशी किती पाणी जातंय ते बघायचं, दोन-तीन वेगवेगळ्या प्रेशरवर.

मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं करा: पुढच्या वेळी नळ आले की मोटर लावायच्या आधी एक बादली किती सेकंदांत भरते ते लिहा, मग मोटरी सुरू झाल्यावर पुन्हा त्याच नळावर, आणि घर चढावर आहे की उतारावर तेही ग्रुपवर टाका.