इराण-इराक युद्ध आणि ‘शिया-सुन्नी’ हे सोपे उत्तर

इराण आणि इराक यांच्यात १९८० ते १९८८ या काळात झालेल्या युद्धाचा विषय निघाला की ‘शिया-सुन्नींचे जुने वैर, दुसरे काय’ असे म्हणून चर्चा गुंडाळली जाते. मला हे उत्तर आळसातून आलेले वाटते. इराणप्रमाणेच इराकमधील बहुसंख्य जनताही शिया आहे, त्यांच्या पायदळातील बहुतेक जवानही शियाच होते, आणि तरीही ते इराणविरुद्ध आठ वर्षे लढले. दुसरीकडे इराणच्या खुझेस्तान प्रांतातील अरब आपल्या फौजांचे स्वागत करतील हा इराकचा सुन्नी हुकूमशहा सद्दाम हुसेन याचा अंदाज साफ चुकला. इराकप्रमाणेच ‘बाथ’ या अरब राष्ट्रवादी पक्षाचे राज्य असलेला अरब सीरिया तर इराणच्या बाजूने उभा राहिला.

वरवर पाहता भांडण नदीचे होते. तैग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या संगमापासून आखातापर्यंत सुमारे २०० किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला अरब ‘शत्त अल-अरब’ म्हणतात, तर इराणी ‘अरवंद रूद’. बसरा बंदर तिच्याच काठी आहे आणि इराणचे खोर्रमशहर व आबादानचा तेलशुद्धीकरण कारखानाही. १९३७ च्या करारानुसार आबादानसारखे अपवाद वगळता सीमा इराणी काठाला लागून जात होती, म्हणजे पाणी जवळजवळ सगळे इराकचे. एप्रिल १९६९ मध्ये इराणच्या शहाने, म्हणजे तिथल्या राजाने, तो करार झुगारला आणि स्वतःचा ध्वज लावलेले मालवाहू जहाज नौदलाच्या पहाऱ्यात त्याच नदीतून नेऊन दाखवले. इराक पाहत राहिला.

१९७५ मध्ये अल्जियर्सला तडजोड झाली. सीमा मुख्य प्रवाहाच्या मध्यातून जाईल हे इराकने मान्य केले आणि शहाने इराकी कुर्दांच्या बंडाला चालवलेली मदत थांबवली. मुल्ला मुस्तफा बारझानी यांचे ते बंड काही आठवड्यांतच कोसळले. इराकच्या वतीने ही तडजोड करणारा माणूस होता तेव्हाचा उपाध्यक्ष सद्दाम. नदीवरचा हक्क त्याने स्वतःच्या हाताने सोडला होता, आणि ही सल त्याच्या मनात राहिली असणार असे मला वाटते.

तरीही केवळ सल असली म्हणून कोणी रणगाडे धाडत नाही. १९७९ मध्ये शहाची सत्ता गेली आणि इराकमधील नजफ शहरात सुमारे तेरा वर्षे राहिलेले, १९७८ मध्ये इराकनेच बाहेर काढलेले इराणी धर्मगुरू खोमेनी तेहरानमध्ये सर्वेसर्वा झाले. बाथ राजवट उलथून टाका, असे आवाहन तिथून उघडपणे होऊ लागले. हा चिथावणीचा भाग आपल्याकडचे इराणप्रेमी सोयीस्करपणे विसरतात. एप्रिल १९८० मध्ये बगदादमध्ये इराकचा उपपंतप्रधान तारिक अझीझ याच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि त्याच महिन्यात सद्दामने इराकमधील शिया धर्मगुरू मोहम्मद बाकिर अल-सद्र यांना मृत्युदंड दिला. म्हणजे धर्म या युद्धात होता, पण तो राजवट वाचवण्याच्या भीतीतून आला होता.

या भीतीला संधीची जोड मिळाली. क्रांतीनंतर इराणी सेनाधिकाऱ्यांपैकी अनेकांना फाशी झाली होती वा काढून टाकले होते, आणि अमेरिकी ओलिसांच्या प्रकरणामुळे अमेरिकी बनावटीच्या विमानांचे सुटे भाग मिळणे बंद झाले होते. १७ सप्टेंबर १९८० रोजी सद्दामने अल्जियर्स करार रद्द केला आणि २२ सप्टेंबरला हल्ला सुरू झाला. झटपट विजयाचा तो हिशेब लाखो माणसांच्या जिवावर आला.

ऑगस्ट १९९० मध्ये, कुवेत गिळल्यानंतर इराणच्या बाजूने निर्धास्त राहण्यासाठी, याच सद्दामने इराणचे तेव्हाचे अध्यक्ष राफसंजानी यांना पत्र लिहून १९७५ ची सीमा पुन्हा मान्य केली.